शेपटीच्या बेटाचं गोड पानी

लई मागची गोष्ट हाय. इतकी मागची, का तवा वरसं मोजायची कुनाला गरज बी वाटत न्हवती. ल्हानांनी आयका, म्हाताऱ्यांनी आयका, आनि मधल्या वयाच्यांनी तर कान धरून आयका, कारन ह्यात चूक तुमच्यासारख्यांचीच हाय.

समद्यात मोठ्या समुद्राच्या मदोमद नऊ बेटं व्हती. तितनं कंच्याबी बाजूला महिनाभर होडी हाकली तरी दुसरी जमीन दिसत न्हवती. बेटं म्हंजी तरी काय? पोवळ्याच्या खडकाचं येक कडं समुद्रात पडल्यालं, आनि त्या कड्यावर वाळूचे नऊ ढीग. कड्याच्या भाईर काळं पानी आनि घरायवढ्या लाटा. कड्याच्या आत हिरवं, ताटात वाढल्यागत गप पानी. ओहोटी लागली का खडक उघडा पडायचा, मग मानूस गुडघाभर पान्यातनं या बेटावनं त्या बेटावर चालत जायचा.

तितं डोंगर न्हाई, नदी न्हाई, साधा वढा न्हाई. माती म्हनाल तर मूठभर न्हाई. नुसती पांढरी वाळू आनि शिंपल्यांचा चुरा. माड, केवडा आनि नीरफनस, एवढीच काय ती झाडं. समद्यात उंच जागा मानसाच्या छातीला लागंल एवढी.

तितली मानसं म्हनायची, ह्ये कडं म्हंजी येक निजल्याली वाम, सापागत लांब मासा, हाय. येका टोकाला डोक्याचं बेट, मधी पोटाचं बेट, आनि शेवटाला शेपटीचं बेट. शेपटीच्या अलीकडं कड्यात खोल खिंड व्हती, म्हनून तितनं ये-जा फकस्त होडीनं. पोटाचं बेट चांगलं रुंद. या काठावनं त्या काठाला जाईस्तवर येक अख्खा नारळ खाऊन व्हायचा. शेपटीचं बेट म्हंजी माशाची पाठ. या काठाला कुनी शिंकलं, तर त्या काठाचा मानूस इचारायचा, "सर्दी झाली काय रं?"

आता मुद्द्याचं आयका. अशा जागी प्यायचं पानी कुटनं आलं?

पाऊस पडायचा त्यो वाळूत मुरायचा. वाळूच्या खाली समुद्राचं खारं पानी. पन गोडं पानी हलकं असतंय आनि खारं जड. म्हनून गोडं पानी खाऱ्याच्या वर तरंगत ऱ्हायचं, दुधावर साय ऱ्हाती तसं. बेट रुंद, तर साय जाड. बेट अरुंद, तर साय पातळ. एवढी साधी गोष्ट हाय. पन साध्या गोष्टी शहान्याच्या डोस्क्यात शिरत न्हाईत, ह्येच तर दुखनं हाय.

त्या सायीवर समदं गाव जगायचं. वाळूत मोठा खड्डा खनायचा, पार गोड्या पान्याला लागंस्तवर. त्या चिखलात अळू लावायचं. आपलं परसातलं अळू न्हवं, मानसापेक्षा उंच पानाचं अळू, आनि खाली कंद असा का बारकं पोरगं त्येच्यामागं लपंल. माती न्हवती, म्हनून येकेका झाडाभवती केवड्याच्या पानाची बिनबुडाची टोपली इनायची आनि तिच्यात कुजल्याला पाला भरत बसायचं. कंच्या झाडाचा पाला, किती दिस वाळवल्याला, ह्ये सासू मरताना सुनंच्या कानात सांगायची. लेकीला न्हाई सांगायची. लेक दुसऱ्याच्या खड्ड्यावर जायची ना!

खड्ड्याला येक नेम व्हता. खड्ड्यात पान्याचा चाखा घेतल्याबिगर कुनी खनायचं न्हाई. चाखा घ्यायचा अधिकार गावातल्या येका म्हातारीला. समद्या गावाम्होरं तिनं वंजळभर पानी प्यायचं, जीभ टाळ्याला लावायची, आनि "खना" म्हनायचं न्हाईतर "थांबा" म्हनायचं. थांबा म्हनली का कुदळीला हात लावायचा न्हाई. कुदळ म्हंजी कासवाच्या पाठीची ढाल आनि मोठा शिंपला, तितं लोखंड कुटलं आलंय.

शेपटीच्या बेटाची चाखनारी व्हती तेरेआ. वाळल्या खोबऱ्यागत म्हातारी, आनि बोलनं बी तसंच, दात लावला का दात दुखायचा. तिची लेक इनावा, आनि घरजावाय बाकोआ. बाकोआसारखा खनारा नऊ बेटात न्हवता. दोन मानसांचं काम येकटा उरकायचा. अंगात रेड्याची ताकद. पन मोठ्या मानसाम्होरं उभा ऱ्हायला का आवाज कुटं जायचा, देवाला ठावं.

वरसातनं येकदा वारं फिरायचं, आनि नऊ बेटांची मानसं पोटाच्या बेटावर जमायची. परत्येक बेटानं आपला समद्यात मोठा कंद आनायचा आनि चटईवर वळीनं मांडायचा. ज्येचा कंद मोठा, त्येचा मुखी, म्हंजी बेटाचा म्होरक्या, पयला बोलायचा आनि त्येला कासवाचं पयलं मटन वाढायचं. एवढंच. त्येच्यात काय पोट भरायचं न्हाई कुनाचं. पन मानूस मानासाठी मरतोय, आनि दुसऱ्याला घिऊन मरतोय.

त्या वरसाला पोटाच्या बेटाचा कंद चार मानसांनी माडाच्या दांडक्याला टांगून आनला. मग शेपटीचा मुखी आला. त्येचा कंद येका मानसाच्या काखंत व्हता.

पोटाच्या बेटावरचा येक टवाळ वराडला, "अरं, शेपटीवाल्यांनी कंद आनलाय का मुखीचा आंगठा?"

दुसरा म्हनला, "आंगठाच हाय. बघ की, नख दिसतंय!"

समदी मानसं पोट धरून हासली. शेपटीची मानसं बी हासली. त्येंच्या बायका तर जास्तच. मुखी हासला न्हाई. त्येनं पोटाच्या बेटाचा खड्डा जाऊन बघितला. खड्डा मानूस बुडंल एवढा खोल. आपला खड्डा कमरंयवढा. त्येनं दोन्हीचा मेळ घातला, आनि त्येच्या डोस्क्यात किडा शिरला.

घरी आल्यावर त्येनं मोठ्या छपरात गाव जमवलं. ह्या छपरात बसायची बी पद्धत व्हती. मानाची घरं म्होरं, बाकीची मागं, आनि ज्येचं घर जितकं मागं तितकं त्येनं कमी बोलायचं.

मुखी म्हनला, "त्येंचा खड्डा खोल हाय म्हनून त्येंचा कंद मोठा हाय. आपला बी आनखी हातभर खोल करायचा. उद्या सकाळी."

तेरेआ जाग्यावनं उटली. "मुखी, त्येंचं बेट रुंद हाय. त्येंच्याखाली साय जाड हाय. आपल्याखाली भाकरीयवढी हाय. हातभर खनलं का भाकरी फाटंल आनि खालचा समुद्र वर यील."

"तू समुद्राला इचारून आलीस काय?"

"मला इचारायला लागत न्हाई. माझ्या आईनं चाखलंय, तिच्या आईनं चाखलंय. आमच्या जिभा काय केवड्याच्या न्हाईत."

मुखी समद्यांकडं बघून म्हनला, "म्हातारीला दात न्हाईत. मोठा कंद आला तरी तिला चावायचा न्हाई. म्हनून तिला नको हाय." म्होरली घरं हासली. मग मधली हासली. मग मागली बी हासली, ज्येंना काय आयकू ग्येलं न्हवतं ती बी.

मला इचाराल तर घात तितंच झाला. खनताना न्हवं, हासताना. त्या छपरात शंभरावर मानसं व्हती, आनि येकूनयेक मानूस त्या वाळूवर जल्माला आल्यालं व्हतं. साय किती पातळ हाय ह्ये त्येंना ठावं न्हवतं? भरतीला खड्ड्यातलं पानी वर येतंय आनि ओहोटीला खाली जातंय, ह्ये त्येंच्या डोळ्यांनी दिसत न्हवतं? समद्यांना ठावं व्हतं. पन म्होरला बोलंना म्हनून मागला बोलंना, आनि मागला बोलंना म्हनून म्होरल्याला वाटलं समद्यांना पटलंय. तोंडं दिल्यात कशाला मग? नुसतं कंद कोंबायला?

दुसऱ्या दिशी सकाळी खड्ड्यावर गाव जमलं. तेरेआ खाली उतरली. वंजळ भरली, प्याली, जीभ टाळ्याला लावली.

"थांबा," ती म्हनली.

मुखीनं उरलीसुरली लाज बी सोडली. त्येच्या बहिनीचा नवरा टिमाऊ बाजूला उभा व्हता. ह्यो मानूस मुखीला खोकला आला तर आधी आपला गळा साफ करायचा, असला. मुखी म्हनला, "आजपासनं चाखा टिमाऊ घील."

टिमाऊ खाली उतरला. प्याला. "गोड हाय," म्हनला. "खना."

मुखीनं बाकोआकडं बघितलं.

बाकोआ सासूकडं बघंना. बायकू काठावर उभी व्हती, तिच्याकडं बी बघंना. कासवाची ढाल उचलली आनि खनायला लागला. येकटा. पयला. त्येच्या मागनं मग बाकीचे उतरले.

दुपारपातूर हातभर खाली ग्येले. शेवटाला त्येच्या ढालीनं चिखल उडाला, तोंडावर पानी आलं, ओठातनं आत ग्येलं. बाकोआच्या जिभंला मीठ लागलं. थोडं. पन मीठ म्हंजी मीठ. घटकाभर त्येचा हात थांबला.

वरनं मुखी म्हनला, "काय झालं?"

"काय न्हाई," बाकोआ म्हनला, आनि म्होरं खनलं.

तवाच्या तवा तितं टिमाऊनं परत चाखा घेतला. तोंड वाकडं न करता "गोड" म्हनला. मग मुखीनं नवीन टूम काढली. नारळाची करवंटी भरली आनि समद्या गावात फिरवली. परत्येकानं येक घोट घ्यायचा आनि काय चव हाय ते म्हनायचं. पयल्यानं घेतला, गोड म्हनला. दुसऱ्यानं गोड म्हनला. येक बाई पिऊन थुकली, आनि थुकून झाल्यावर गोड म्हनली. काय म्हनावं असल्या मानसांना! बाकोआच्या हातात करवंटी आली, त्यो बी गोड म्हनला. करवंटी तेरेआपातूर आली तवा तिनं ती वाळूत पालथी क्येली आनि घराकडं चालायला लागली.

घरी सासू-जावयाचं वाजलं.

"आत्ती, मी येकट्यानं काय करायचं व्हतं?"

"ढाल खाली ठेवायची व्हती."

"मुखीनं मला खड्ड्यातला वाटा दिला नसता."

"आता दील की. खारट वाटा दील."

"समदी गोड म्हनत्यात!"

"तुला कसं लागलं ते सांग. समद्यांची जीभ तुझ्या तोंडात हाय काय?"

बाकोआ ढाल घासायला लागला. इनावा चुलीपाशी बसली व्हती, ती म्हनली, "आई, आता झालं ते झालं. घरात तरी भांडू नका."

"घरात न्हाई भांडायचं, छपरात न्हाई बोलायचं, खड्ड्यात न्हाई थांबायचं," म्हातारी म्हनली. "मग जल्माला तरी कशाला येता गं तुमी मानसं?"

आता बघा, देव बी कधीकधी चुकीच्या मानसाची बाजू घेतो. त्या वरसाला पाऊस असा पडला का छपरं वाहून जायला लागली. वरनं गोडं पानी इतकं आलं का खालचं खारं दबून ऱ्हायलं. अळू फोफावलं. येकेक पान असं का दोन बायका खाली पावसाला उभ्या ऱ्हातील. वारं फिरलं तवा शेपटीचा कंद दोघांनी उचलून न्यावा लागला. नऊ बेटात तिसरा आला!

मुखी छाती काढून फिरायला लागला. पोरं तेरेआला चिडवायची, "आजे, पानी खारट हाय का?" मोठी मानसं पोरांना आवरत न्हवती, उलट दात काढायची. तेरेआ नुसती म्हनायची, "पाऊस हाय तवर हासा."

आनि तिसरा आला म्हंजी बास झालं काय? न्हाई! पयला यायला पायजे. मुखीनं पुन्ना हुकूम काढला, आनखी हातभर. पुन्ना टिमाऊनं चाखा घेतला. पुन्ना करवंटी फिरली. पुन्ना पयली ढाल बाकोआची, आनि तवा इनावा दोन जिवाची. खालनं पानी बुडबुडे काढत वर आलं, तसं मानसं आनंदानं वराडली का बघा, पानी किती लागलं! अरं, समुद्र लागला तुमाला, गाढवांनो, समुद्र!

त्येच्यानंतर पाऊस थांबला.

येक महिना ग्येला, दोन ग्येले, चार ग्येले. आभाळ घासल्याल्या शिंपल्यागत पांढरं. आधी अळूच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. मग पिवळ्याच्या तांबड्या झाल्या. मग पानं खाली वाकली आनि देठातनं गळाली. कंद उपटून बघितला तर हाताला पिठागत लागला, वास मारायचा. खड्ड्याच्या काठावर मिठाची पांढरी रेघ उटली. येका सकाळी खड्ड्यात समुद्रातला खेकडा चालताना दिसला. टिमाऊ म्हनला, "खेकडा गोड्या पान्याच्या वासानं आलाय."

ह्येच्यावर बी कुनी त्येला खड्ड्यात ढकलला न्हाई. मी असतो तर…जाऊ द्या.

प्यायच्या आडात बी त्येच पानी आलं, कारन साय येकच व्हती, खड्ड्याखालची आनि आडाखालची. तीच फाटली. मानसं शहाळी प्यायला लागली. शहाळी संपली. मग जून नारळ. ते बी संपत आले. पोरांच्या तोंडाच्या कोपऱ्याला चिरा पडल्या. म्हातारी मानसं दिसभर सावलीत पडून ऱ्हायला लागली.

आनि ह्या समद्यात इनावाला मुलगी झाली.

आठ दिस ग्येले. इनावा खारं पानी पिऊन पिऊन सुजली व्हती, आनि तिच्या अंगावर दूध उतरंना. लेकरू आधी मोठ्यानं रडायचं. मग बारीक रडायला लागलं. नवव्या दिशी त्येचा आवाजच येईना, नुसतं तोंड उघडायचं आनि मिटायचं.

तेरेआ म्हनली, "हिला पोटाच्या बेटावर न्यायला पायजे. तितं गोडं पानी हाय, दूध पाजनाऱ्या बाया हायत. आजच्या आज."

पन मुखीनं होड्यांवर पहारा बसवला व्हता. त्येचं म्हननं, येक होडी पान्यासाठी ग्येली का नऊ बेटात बोंब व्हनार, शेपटीचं पानी नासलं म्हनून. त्येची इज्जत जानार. पाऊस येनारच हाय, दम धरा. आनि होड्यांवर पहाऱ्याला ठेवलं कुनाला? बाकोआला. गावातला समद्यात धडधाकट मानूस, आनि समद्यात आयकनारा.

दुपारच्या उन्हात तेरेआ होड्यांपाशी आली. मागं इनावा, पोटाशी लेकरू. मागनं गावातली पंधरा-वीस मानसं, काय व्हतंय ते बघायला. मुखी बी आला, टिमाऊ बी आला.

तेरेआनं होडीच्या कडंला हात घातला. बाकोआ आडवा झाला.

"आत्ती, मुखीची परवानगी न्हाई."

"ही तुझी लेक हाय."

"मला ठावं हाय. पन मला हितं उभं क्येलंय. मी काय करू?"

मुखी म्हनला, "बाकोआ, होडी हलली न्हाई पायजे. लेकराला आडातलं पानी पाजा की. काय झालंय त्या पान्याला?"

"व्हय, पानी गोड हाय," टिमाऊ म्हनला.

म्हातारी मागं फिरली. आडावर ग्येली. करवंटी भरून आनली आनि बाकोआच्या हातात दिली.

"पी," ती म्हनली. "आनि तुझ्या लेकीच्या तोंडाकडं बघून म्हन, गोड हाय. तू म्हनलास का मी हेच पानी तिला पाजते आनि घरला जाते. आई हाय मी इनावाची, माझ्या हातानं पाजते. म्हन."

बाकोआनं करवंटी तोंडाला लावली. घोट घ्येतला. इनावानं पदर बाजूला क्येला आनि लेकराचं तोंड त्येच्याकडं क्येलं. ते तोंड उघडत व्हतं, मिटत व्हतं.

बाकोआ "गो…" म्हनला, आनि म्होरं त्येच्यानं बोलवंना. पानी तोंडातनं भाईर आलं.

"खारट," त्यो म्हनला. मग असा वराडला का कड्यापल्याडच्या लाटांना आयकू जावं. "खारट हाय! पयल्या दिशीच खारट व्हतं! मला लागलं व्हतं!"

 मग ती थुकनारी बाई म्हनली, "मला बी." तिच्या शेजारचा म्हनला, "मला बी." बघता बघता समदी, "मला बी, मला बी." दोन वरसं शिवल्याली तोंडं येका दमात उसवली. टिमाऊ सुद्धा म्हनला का हो, मला बी! असल्या मानसाला लाज कुटनं यायची?

मुखी काय तरी वराडत व्हता, पन आता त्येच्याकडं बघतंय कोन. बाकोआनं खांदा लावून होडी पान्यात ढकलली, बायकूला, लेकराला, सासूला बसवलं आनि वल्हं हानलं. संध्याकाळच्या आत पोटाचं बेट लागलं. तितल्या येका बाईनं लेकरू वढून घेतलं आनि छातीला लावलं. लेकरू जगलं. ते जगलं, ह्येच्यासाठी तेरेआनं वाळूला डोस्कं टेकलं.

पन लेकरू जगलं म्हंजी समदं भरून निघालं काय? आयका म्होरचं.

दोन दिसात समदं शेपटीचं बेट होड्या घिऊन पोटाच्या बेटावर आलं. पोटाचा मुखी भला मानूस, पन त्येच्याकडं बी साय मोजूनमापूनच व्हती. त्यो म्हनला, "माझ्या पान्यावर तीस मानसं जास्तीची जगतील. तुमी येकशे वीस हायसा." मग गावाची वाटनी झाली. दहा या बेटावर, आठ त्या बेटावर, पंधरा डोक्याच्या बेटावर. भाव येकीकडं, भन येकीकडं. शेपटीची मानसं दुसऱ्याच्या खड्ड्यावर दुसऱ्याचा पाला वाहायला लागली. छपरात समद्यात मागं बसायला लागली, जितं पाऊस आत येतो तितं.

आनि ज्येनं हुकूम काढला त्यो मुखी? त्येला पोटाच्या मुखीनं आपल्या शेजारी चटई दिली. मुखीनं मुखीला आदर द्यायचा असतो म्हनं! मासा आधी त्येला वाढायचे. टिमाऊ त्येला वारा घालायचा. तुमाला राग येतोय ना? यायलाच पायजे.

शेपटीच्या बेटावर नंतर पाऊस पडला, भरपूर पडला. पन वाळूत बसल्यालं मीठ काय येका पावसात जात न्हाई. तेरेआ दर वरसाला येकदा होडीनं जायची, आडातलं पानी चाखायची आनि मान हालवून परत यायची. ती म्हनायची, ह्ये पानी माझ्या नातीला बी प्यायला मिळायचं न्हाई, झालंच तर तिच्या नातीला.

गाव सुटल्यापासनं चौथ्या वरसाला वारं फिरलं, बेटं जमली. कंद मांडले, आठ चटया. नववी कुनी हातरलीच न्हाई.

बाकोआ समद्यात मागं, परक्या मानसांत बसला व्हता. शेजारच्या कुनीतरी इचारलं, तुमच्या गावाचं काय झालं वो? बाकोआ म्हनला, "मुखीनं घात क्येला आमचा. समदी गप व्हती. शेवटी मीच पयला बोललो."

तेरेआ त्येच्या म्होरच्याच वळीत बसली व्हती. तिनं मान वळवली.

"तू पयला बोललास व्हय?" ती म्हनली. "मुखीला फकस्त जीभ व्हती रं. कासवाची ढाल कुनाच्या हातात व्हती? त्यो नुसता बोलला. खनलास तू. पयला तूच खनलास, मीठ लागल्यावर बी खनलास, आनि दुसऱ्या वरसाला परत खनलास. येक लेकरू मरायला टेकलं तवा तुला चव कळली. शंभर मानसांचं गाव मरत व्हतं तवा न्हाई कळली."

बाकोआ खाली बघत बसला. आजूबाजूला विखुरल्याली शेपटीची मानसं बी खाली बघत बसली. आता काय बी बोलून गोडं पानी येनार न्हवतं.

बोध काय तो सरळ सांगतो: जिभंला खारट लागल्यालं पानी जो दुसऱ्याला भिऊन गोड म्हनतो, आपलं गाव त्यो सोताच्या हातानं बुडवतो.